सहावी फाईल उघडत नाही

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. वुर्यानी हार्सोयोंच्या खुर्चीत बसून हार्सोयोंच्या संगणकाला नवी सवय लावत होती.

हार्सोयो मार्चमध्ये वारले. तेव्हापासून टेबल तिचं, संगणक तिचा, खणातला बटणांचा जुना मोबाईलही तिचाच. तरी मुन्तिलानच्या त्या चार खोल्यांच्या इशारा-केंद्रात कोणी त्याला ‘वुर्यानीचं टेबल’ म्हणत नसे. चहावाली अजून दोन कप ठेवून जायची आणि एक कप तसाच गार व्हायचा.

केंद्राचं काम एकच. काली सेंजो नदी मेरापीच्या उतारावरून येते. वर जोराचा पाऊस झाला की ज्वालामुखीची राख, वाळू आणि घराएवढे धोंडे घेऊन चिखलाचा लोंढा खाली येतो. खाली पात्रात माणसं वाळू काढत असतात. वर सहा ठिकाणी पावसाची मापकं आहेत, खाली काठावर सहा भोंगे. तासात किती मिलिमीटर पाऊस झाला की भोंगा वाजायचा, याचे आकडे सहा फायलींमध्ये असतात, मापकागणिक एक फाईल. उन्हाळी आकडा नव्वद. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावसाळी आकडे लागतात.

फायलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद गिट नावाचा प्रोग्रॅम ठेवतो, कोणी केला, कधी केला. पावसाळी आकड्यांचे संच दोन असतात, एक केंद्राचा आणि एक वरच्या कार्यालयाचा. ते एकमेकांत मिसळताना जिथे एकाच ओळीवर दोन वेगळे आकडे येतात तिथे गिट थांबतो आणि माणसाला विचारतो, यातलं कोणतं ठेवू? हार्सोयो ही भांडणं आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, नुसत्या नजरेने सोडवत. वुर्यानीला ते जमत नव्हतं. तिला दोन कागद शेजारी शेजारी लागत.

त्याला कारण होतं. ती त्रेचाळीस वर्षांची, आणि त्यातली चौदा वर्षं तिने बाजारामागच्या छापखान्यात मुद्रितं वाचली होती. छापखान्याचं पोट मृतांसाठीच्या प्रार्थना-पुस्तिकांवर चालायचं. चाळिसाव्या दिवसाची, शंभराव्या दिवसाची, हजाराव्या दिवसाची. मुखपृष्ठावर माणसाचा फोटो, खाली नाव आणि तारखा. तारखेतला एक आकडा चुकला तर घरचे लोक सगळा गठ्ठा परत आणून टाकत. डावीकडे घरच्यांची चिठ्ठी, उजवीकडे छापील पान, मध्ये पट्टी. डोळ्याला लागलेलं ते वळण गेलं नाही. हार्सोयोंच्या शंभराव्या दिवसाची पुस्तिका त्याच छापखान्यातून आली होती आणि ती आता त्यांच्याच खणात, मोबाईलच्या खाली होती.

म्हणून तिने तुलना करणारं एक वेगळं साधन संगणकावर बसवलं आणि गिटला त्याची ओळख करून द्यायला घेतली. साधनाचं नाव सांगितलं. ते कुठे ठेवलंय ते सांगितलं. मग चार फायली त्याच्या हाती कोणत्या क्रमाने द्यायच्या ते सांगितलं: आपली, मूळ, त्यांची, आणि जिच्यात निकाल लिहायचा ती. पहिल्या खेपेला आपली आणि त्यांची उलटसुलट झाली. तिने ते दुरुस्त केलं. शेवटी एक अट घातली. अशी काही साधनं खिडकी नुसती बंद केली तरी ‘झालं’ म्हणून सांगतात, आत कोणी काही जपून ठेवलं असो वा नसो. तेव्हा साधनाच्या शब्दावर जायचं नाही, मला विचारायचं. त्यामुळे प्रत्येक फाईल मिटल्यावर काळ्या खिडकीत प्रश्न उमटे, ‘जुळवणी यशस्वी झाली का?’ आणि कर्सर लुकलुकत राही.

पाच फायली उघडल्या. पाच वेळा तिने ‘हो’ म्हटलं. सहावी उघडली नाही. वोनोसिदीची फाईल, सर्वांत वरच्या मापकाची.

‘जुळवायला फाईल शिल्लक नाही.’

मिसळणी सुरू करण्याआधी तिने सहाही फायली वाचल्या होत्या. वोनोसिदीवरचा वाद तर सगळ्यांत मोठा होता. केंद्राचा आकडा पंचावन्न, वरच्यांचा सत्तर. तिने मांडणी पुसून पुन्हा लिहिली. साधन काढून पुन्हा बसवलं. मिसळणी रद्द करून पहिल्यापासून केली. पाच फायली उघडल्या, पाच वेळा ‘हो’. मग तेच वाक्य.

“म्बाक वुर,” दारातून आवाज आला. केंद्राचे प्रमुख, पाक लुकास; इथे ‘म्बाक’ म्हणजे ताई, ‘पाक’ म्हणजे साहेब. हातात पिंजरा होता; पारव्याला उन्हात ठेवायला ते रोज याच वेळी निघत. “संगणक दुरुस्त करताय की नवरी सजवताय? तासभर तोच पदर वर-खाली चाललाय.”

“सहावी फाईल उघडत नाही, पाक.”

“तिचा मालक गेलाय ना. रुसली असेल.”

“मी तिसऱ्यांदा मांडणी केलीय.”

“चार वाजता आकडे वर पोहोचले पाहिजेत. सत्तर ठेवायला सांगतायत, सत्तर ठेवा. वाळूवाले खूश, वरचे खूश.”

“आणि पाणी?”

लुकासनी पिंजरा दुसऱ्या हातात घेतला. “पाणी कधी खूश असतं?”

दहाच्या सुमारास तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. गुनार्तो वाळूचा ट्रक चालवायचा. त्या आठवड्यात तो पात्रात, चौथ्या भोंग्याखाली होता.

“म्बाक, आज तुमच्या रेड्याला गप्प ठेव हं. चार खेपा करायच्यात.”

“कुठला रेडा?”

“तो भोंगा गं. मागच्या पावसाळ्यात अकरा वेळा रेकला आणि पाणी आलं चारदा. सात वेळा आम्ही येड्यासारखे काठावर उभे. लोक म्हणतात, तुझी बहीण तिथे बसून बटणं दाबते.”

“मागच्या पावसाळ्यात मी इथे पत्रं टाइप करत होते.”

“यंदा तर तूच आहेस ना? मग सत्तर कर. सगळे तुला जेवायला घालतील.”

तिने फोन ठेवला आणि साधनाची वाट न पाहता वोनोसिदीची फाईल सरळ उघडली. आत वादाच्या खुणा नव्हत्या. पंचावन्न नव्हते. सत्तर नव्हते. तिथे लिहिलं होतं, चाळीस. त्याच्या वर, संगणक जी वाचत नाही अशी माणसांसाठीची एक ओळ होती: ‘वड. चार बोटं.’

वुर्यानीने तीन फायली शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे पंचावन्न, उजवीकडे सत्तर, मध्ये चाळीस. डावीकडच्या फाईलच्या इतिहासात चाळीस कुठेही नव्हता, उजवीकडच्या इतिहासातही नव्हता. त्या खोलीत ती एकटी होती. सकाळपासून त्या फाईलला तिने हात लावला नव्हता. तरी कोणीतरी निकाल लिहून ठेवला होता.

मुद्रितं वाचणाऱ्याला भूत आधी सुचत नाही, आधी आपली नजर चुकली असेल असं वाटतं. मिसळणीच्या वेळी काळ्या खिडकीतून ओळींचा ढीग वाहून गेला होता. तिने मागे जाऊन तो एकेक ओळ वाचला. अकरावी ओळ तिच्या नजरेतून सुटली होती: वोनोसिदीची जुळवणी पूर्वीच्या निर्णयाप्रमाणे केली.

गिटला एक स्मरण असतं. ते आपण चालू केलं तरच चालतं. एखादं भांडण माणसाने कसं सोडवलं ते गिट बाजूला टिपून ठेवतो, आणि तेच दोन आकडे पुन्हा आमनेसामने आले की न विचारता तोच निकाल लावतो. त्यामुळे तिची मांडणी पहिल्यापासून बरोबर होती. साधनापुढे ठेवायला भांडण उरलंच नव्हतं. लपवलेल्या एका फोल्डरमध्ये ते स्मरण सापडलं. त्यावरची तारीख सात वर्षांपूर्वीची. अशी स्मरणं एरवी साठ दिवस पडून राहिली की झाडून टाकली जातात. ती किती दिवस ठेवायची या ओळीत हार्सोयोंनी आकडा घातला नव्हता. ‘कधीच नाही’ असं लिहिलं होतं.

म्हणजे सात वर्षं दर नोव्हेंबरला तेच पंचावन्न, तेच सत्तर, आणि हार्सोयोंचे चाळीस. कोणाला कळलंही नसतं. मिसळणीच्या आत केलेला बदल नेहमीच्या नोंदीत दिसत नाही, मुद्दाम उकरावा लागतो. मागच्या वर्षी अकरा वेळा वाजलेला भोंगा चाळिसावर वाजला होता.

तिने लुकासना बोलावलं. त्यांनी वाकून पडद्यावरच्या चाळीसवर बोट ठेवलं.

“कारण?” त्यांनी विचारलं.

“वड. चार बोटं.”

“हे कारण झालं? वर काय सांगू, मेलेल्या माणसाला वाटलं म्हणून?” त्यांचा आवाज खाली आला. “पुसून टाका म्बाक. ते स्मरणही पुसा. सत्तर लिहा.”

पुसायला एक आज्ञा पुरे होती. ती तिने टाइपही केली. मग खणातला फोन आठवला, आणि तिचं बोट बटणाजवळ जाऊन थांबलं.

तो फोन ९ ऑक्टोबरपासून वाजत होता. दुपारी किंवा संध्याकाळी एकदा वाजून बंद व्हायचा. पुन्हा एकदा वाजून बंद. कधी एकच, कधी तीन, एकदा चार. नंबरापुढे नाव नव्हतं. तिने प्रत्येक वेळी उलट फोन केला. तो वाजत राहायचा, कोणी उचलायचं नाही. लुकास म्हणाले होते, “हार्सोयोंना तिकडे रेंज मिळाली वाटतं.” त्यावर दोघं हसले होते. दुसऱ्या आठवड्यापासून त्यावर कोणी हसलं नव्हतं.

तिने त्या हुकलेल्या फोनांच्या तारखा एका फाईलमध्ये उतरवल्या. दुसऱ्या फाईलमध्ये वोनोसिदीच्या मापकाचा रोजचा पाऊस घेतला. नवं साधन उघडून दोन्ही शेजारी ठेवल्या. चौदा दिवस फोन आले होते, आणि ते चौदाही पावसाचे दिवस होते. कोरड्या दिवशी एकही नाही. एक फोन, दहा मिलिमीटर. दोन फोन, वीस. तीन, एकतीस. २७ ऑक्टोबर, चार फोन, एक्केचाळीस.

वुर्यानीने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग तिने टेबलावरची पट्टी घेतली आणि तर्जनी आडवी ठेवून मोजली. सोळा मिलिमीटर. एक फोन म्हणजे एक बोट असेल, तर चार बोटांचे चौसष्ट होतात. वोनोसिदीचं मापक मात्र दर बोटामागे दहाच सांगत होतं. वर कुठेतरी दोन पाऊस पडत होते, आणि केंद्राला त्यातला एकच ठाऊक होता.

टाइप केलेली आज्ञा तिने मागे घेतली. मिसळणी तशीच अर्धवट ठेवली आणि हार्सोयोंचा फोन खिशात टाकला.

“वोनोसिदीला जाऊन येते, पाक. बघते, मग पुसते.”

“आज वार कोणता ते पाहिलंत? मंगळवार क्लिवोन, भुताखेतांचा दिवस. आजच्या दिवशी तिथल्या वडाखाली गावची माणसंसुद्धा कामाशिवाय थांबत नाहीत.”

“मी कामालाच चाललेय.”

“चारच्या आत या,” लुकास म्हणाले, आणि पारव्याचा पिंजरा आत घ्यायला गेले. आभाळ भरायला लागलं होतं.

पाऊण तासाचा चढ. वोनोसिदीच्या शेवटच्या घरापुढे मिरचीची शेतं, त्यांच्या टोकाला ठाणं: जाळीचं कुंपण, खांब, खांबावर मापक. ठाणं बांधलं तेव्हाच्या फोटोत मापकावर मोकळं आभाळ दिसतं. आता त्यावर वड आला होता. फांद्या कुंपण ओलांडून आल्या होत्या, पारंब्या जाळीवर टेकल्या होत्या आणि एक पारंबी जाळीच्या भोकातून आत उतरून जमिनीत घट्ट झाली होती. खाली दुपारी साडेबारालाही दिवेलागणीसारखा अंधार होता. वारा नव्हता. बुंध्याशी केळीच्या पानावर फुलांच्या पाकळ्या, पेलाभर काळी कॉफी आणि एक जळती लवंगी सिगारेट होती. हार्सोयो तीच ओढत.

“उशीर केलास, न्दुक.”

बुंध्याच्या पलीकडे एक म्हातारी उकिडवी बसली होती. पोरीबाळींना इथे म्हाताऱ्या हाक मारतात तशी तिने हाक मारली होती, पण वुर्यानीने तिला कधी पाहिलं नव्हतं.

“मी?”

“तो पहिल्या पावसाच्या आत येतो. तुला महिना लागला.”

“म्बाह,” वुर्यानी आजी म्हणावं तशी म्हणाली, “पाक हार्सोयो मार्चमध्ये वारले.”

“ठाऊक आहे. शंभराव्या दिवसाचा भात जेवून आलेय मी.” म्हातारीने सिगारेटची राख काडीने झटकली. “माणूस वारला म्हणून पाऊस थांबला का?”

तिचं नाव वागियेम. मिरच्यांच्या मधोमध, उघड्यावर, दगडावर पत्र्याचा एक सरळ उभा डबा ठेवलेला होता. तो तिचा. पाऊस उघडला की, नाहीतर तास भरत आला की, ती डब्यात काठी बुडवायची, ओली खूण बोटांनी मोजायची आणि डबा रिकामा करायची.

“एका बोटाला एक फोन. त्याने उचलायचा नाही, असं ठरलंय. मी तरी काय बोलणार होते त्याच्याशी?”

“मग मी उलट फोन करत होते तो का उचलला नाहीत?”

म्हातारीने काडी खाली ठेवली. “तू करत होतीस?”

“दर वेळी.”

“अगं बाई.” तिने छातीवर हात ठेवला. “तो जिवंत असताना एकदा उलट फोन केला नाही त्याने. मला वाटलं, मेल्यावर माणसाच्या सवयी बदलत असतील. मी भीतीने फोन तांदळाच्या मडक्यात घालून ठेवत होते. आतून वाजायचा मेला.”

फांदीची गोष्ट तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. सात वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाची दोन माणसं करवत घेऊन आली होती. गावाने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. या वडाची डहाळीसुद्धा कोणी तोडत नाही. ज्याने तोडली त्याच्या घरात काय झालं ते विचारू नये. मग हार्सोयो आले. मापक तीस पावलं सरकवा म्हणून त्यांनी वर दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांनी वागियेमशी ठरवलं: झाड आड येतं असं मी कुठेही लिहिणार नाही, लिहिलं की करवत परत येईल. आकडा मी माझ्याकडे सांभाळतो. तुम्ही तेवढं खरं पाणी मला कळवा.

“आणि चार बोटं?”

“तासात डबा चार बोटं भरला की नदी उतरते. ते माझ्या सासूलाही ठाऊक होतं.”

एक चाळीसला पाऊस आला. आधी शेतावर आला. वडाखाली नुसता आवाज होता, थेंब नव्हता. वुर्यानी कुंपणाशी उभी राहून स्वतःच्या मोबाईलवर मापकाचे आकडे बघत होती. सहा. चौदा. बावीस. म्हातारी डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन डब्याशी बसली होती. दोन पंचविसाला मापक तेहतीस सांगत होतं. वुर्यानी शेतात गेली, डब्यात पट्टी उभी धरली. बावन्न.

भोंगे अजून उन्हाळी नव्वदवरच होते. तिने लुकासना फोन लावला.

“सहावी फाईल आहे तशी आत घाला, पाक. आत्ता.”

“चाळीस?”

“चाळीस.”

“पाऊस मुन्तिलानला एक टिपूस नाही. भोंगा वाजवला आणि पाणी आलं नाही, तर वाळूवाले दगड घेऊन येतील.”

“झाडाखाली तेहतीस आहेत, उघड्यावर बावन्न. मी पट्टी धरून दोन्हीच्या मध्ये उभी आहे.”

“कोणाच्या सांगण्यावरून म्हणू?”

“माझ्या.”

लुकास खुर्चीत बसल्याचा आवाज आला. फाईल जागेवर तयारच होती, फक्त ती पक्की करून पाठवायची होती. तिने दोन आज्ञा अक्षर अक्षर सांगितल्या, त्यांनी एका बोटाने टाइप केल्या. दोन एकतीसला ते म्हणाले, “गेलं.”

मग तिने भावाला फोन केला.

“गुन, ट्रक वर काढ.”

“भोंगा कुठे वाजलाय?”

“वाजेल.”

“म्बाक, अर्धा ट्रक भरलाय. इथे ऊन आहे.”

“वर काढ म्हणते ना.”

“तू भोंग्यापेक्षा वाईट आहेस,” तो म्हणाला आणि फोन बंद केला.

वागियेमने काठी वर काढली. ओल्या खुणेवर चार बोटं आडवी धरली, मग कमरेचा फोन काढून अंगठ्याने दाबला. वुर्यानीच्या खिशात हार्सोयोंचा फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. दोघींच्या मध्ये दोन हातांचं अंतर होतं.

“म्बाह, मी समोरच आहे. मला कळलं, चार.”

“तुला नाही करत,” म्हातारी म्हणाली, आणि चौथ्यांदा बटण दाबलं.

दोन अडतीसला मापकाने चाळीस दाखवले. खालून, पावसाच्या आवाजापलीकडून, भोंगा ऐकू आला. पहिला, मग दुसरा, मग ओळीने सगळे. म्हातारीने मान हलवली. सात वर्षं पावसाळ्यात तिने चार फोन केले की थोड्या वेळाने खालून हा आवाज येई. तिच्या हिशेबी हे उत्तर होतं, आणि ते यंदाही वेळेवर आलं होतं.

लोंढा चौथ्या भोंग्याखाली तीन वाजून पाच मिनिटांनी पोहोचला. चाळण्या गेल्या, चहाची टपरी गेली, पात्रात उतरणारा रस्ता गेला. सतरा माणसं होती. सतराही काठावर होती, अकरा ट्रक त्यांच्या मागे. वोनोसिदीच्या मापकाने त्या तासात जास्तीत जास्त सत्तेचाळीस दाखवले. पंचावन्नवर भोंगा वाजला नसता. सत्तरवरही नाही.

“म्बाक,” गुनार्तोने काठावरून फोन केला, “रेडा रेकला तेव्हा मी तुला शिव्या घालत ट्रक काढला.”

“कुठल्या?”

“सांगण्यासारख्या नाहीत.”

“घरी आईसमोर सांग,” ती म्हणाली.

केंद्रात परत यायला तिला पाच वाजले. लुकास तिच्या टेबलाशी उभे होते, बसले नव्हते. पडद्यावर आजची नोंद उघडी होती.

“हे मी नाही लिहिलं,” ते म्हणाले.

वोनोसिदी, आकडा चाळीस. मंगळवार, ४ नोव्हेंबर, दोन वाजून एकतीस मिनिटं. बदल करणाऱ्याचं नाव: हार्सोयो.

वुर्यानीने ते दोनदा वाचलं. एप्रिलपासून तिने या संगणकावर फक्त फायली वाचल्या होत्या, नोंद एकही केली नव्हती. उन्हाळ्यात आकडे बदलत नाहीत. सकाळी तिने गिटला साधनाचं नाव सांगितलं, जागा सांगितली, चार फायलींचा क्रम सांगितला. आता इथे कोण बसतं, ते सांगायचं राहिलं होतं. चौदा वर्षं जिने मृतांची नावं तपासली, तिच्या हातून तेवढंच सुटलं.

“बदलता येईल?” लुकासनी विचारलं.

“भोंग्यांपर्यंत गेलेली नोंद मागे घ्यायची नसते.”

“मग वर काय सांगू?”

“नोंदीत आहे ते.”

तिने मांडणी उघडली, हार्सोयोंचं नाव आणि पत्ता काढला, आपला घातला. स्मरणाची ओळ आली. ‘कधीच नाही.’ त्या ओळीला तिने हात लावला नाही. मग ‘वड. चार बोटं.’च्या खाली स्वतःच्या नावाने एक ओळ वाढवली: झाडाखाली तेहतीस, उघड्यावर बावन्न, पट्टीने मोजले. वोनोसिदीचं मापक तीस पावलं पूर्वेला, मिरचीच्या शेतात हलवावं, म्हणून वरच्या कार्यालयाला तिसरं पत्र टाइप केलं. झाडाला हात लावू नये, हे त्यात दोनदा आलं. लुकासनी ते वाचलं, दोनातलं एक वाक्य खोडायला पेन काढलं, आणि न खोडता सही केली.

साडेपाचला चहावालीने दोन कप ठेवले. वुर्यानीने आपला घेतला. खणातला फोन तिने टेबलावर, चार्जरला लावून ठेवला. उचलायचा नव्हताच. उलट फोनही आता करायचा नव्हता.

उद्या बुधवार. दर बुधवारी सकाळी दहा वाजता काली सेंजोचे सहाही भोंगे चाचणीसाठी एक मिनिट वाजतात, आधी पहिला, मग ओळीने, आणि वर वडापर्यंत ऐकू जातात.